जऊळक्याचे रूळ आणि मुलांचीं खेळयंत्रें

वाशीम जिल्ह्याच्या मालेगांव तालुक्यांत जऊळका नांवाचें गांव आहे. आसपासचे लोक त्याला नुसतें जऊळका न म्हणतां ‘जऊळका रेल्वे’ म्हणतात. अकोल्याहून वाशीम, हिंगोलीवरून पूर्णेकडे जाणाऱ्या मार्गावरील हें एक लहानसें स्थानक. ज्या गांवाच्या नांवांतच आगगाडी शिरली, त्याच्या वेशीवरून पुष्कळ वर्षें धांवलेली गाडी मात्र थोरल्या रुळांची नव्हती. तिच्या दोन रुळांमधील अंतर एक मीटर, म्हणजे १,००० मिलिमीटर. आणि अकोल्यावरून जाणाऱ्या मुंबई-नागपूर मार्गाचे रूळ १,६७६ मिलिमीटर अंतराचे. जयपूर व काचीगुडा यांना जोडणारी मीनाक्षी एक्स्प्रेस याच अरुंद रुळांवरून जात असे. अकोल्यास दोन्ही कुळांच्या गाड्या यावयाच्या. पण एकीचा डबा दुसरीच्या रुळांवर चढेल तर शपथ! उतारूंनीं आपलें बोचकें उचलून फलाट बदलावा, हमालांनीं पोतीं एका डब्यांतून उपसून दुसऱ्यांत भरावीं, असा क्रम. २००८ सालीं अकोला-पूर्णा मार्गाचें रुंदीकरण पुरें झालें आणि जऊळक्यावरूनही थोरल्या रुळांची गाडी जाऊं लागली. उतारूंची मोठी सोय झाली, हें निःसंशय. परंतु जुनीं एंजिनें आणि जुने डबे त्या मार्गापुरते तरी निरुपयोगी ठरले. नव्या रुळांवर त्यांना पाऊलभरही चालतां येईना.

हें रुळांचें पुराण येथें सांगण्याचें प्रयोजन असें कीं, नेमका हाच प्रश्न हल्लीं पुष्कळ घरांतून दूरचित्रवाणी-संचाच्या खालीं येऊन बसला आहे. मुलांचें खेळयंत्र, ज्यास तीं ‘कन्सोल’ म्हणतात, सहा-सात वर्षांनीं जुनें होतें. कारखानदार नवें काढतो. आणि तें घ्यावें असा घरांतील धाकट्या मंडळींचा आग्रह सुरू होतो. वडील मंडळी किंमत ऐकून हबकतात, दोन दिवस अबोला राहतो, आजीच्या मध्यस्थीनें कांहीं तरी तोड निघते. या सगळ्या वादांत जो प्रश्न पहिल्यानें विचारावयाचा तो बहुधा कोणीच विचारीत नाहीं: जुन्या यंत्रासाठीं घेतलेले खेळ या नव्यावर चालतील काय? रूळ तेच राहणार आहेत, कीं बदलणार आहेत?

हा प्रश्न केवळ हौसेचा नाहीं. तो सरळ पैशाचा आहे. ‘प्लेस्टेशन ५’ हें यंत्र आपल्या देशांत २ फेब्रुवारी २०२१ रोजीं विक्रीस आलें, तेव्हां त्याची किंमत ४९,९९० रुपये होती. त्यावरील मोठा नवा खेळ चार ते पांच हजारांच्या घरांत जातो. वाढदिवस, दिवाळी, परीक्षेंतील यश, अशा निमित्तांनीं वर्षास दोन खेळ घेतले तरी सहा वर्षांत बारा होतात, आणि बारा खेळांची किंमत यंत्राच्या किंमतीइतकी होऊन बसते. म्हणजे यंत्र हें नुसतें कपाट. खरी संपत्ति कपाटांतली. कपाट बदलतांना आंतलें सामान नव्यांत मावणार नसेल, तर तें आधीं कळलेलें बरें.

आमच्या वाचकांपैकीं वडील मंडळींना हा प्रसंग अगदींच अपरिचित आहे असें नाहीं. पुष्कळांच्या माळ्यावर मिनिटास ७८ फेरे घेणाऱ्या जाड तबकड्या अजून असतील. १९४८ सालीं अमेरिकेंत सावकाश फिरणारी, अधिक वेळ वाजणारी तबकडी निघाली, तेव्हां जुन्या तबकड्यांतील नाट्यगीतें एकदम मुकीं व्हावयाचीं होतीं. तीं झालीं नाहींत. कारण यंत्रें करणाऱ्यांनीं पुढें बरींच वर्षें यंत्रावर फेऱ्यांचा खटका ठेवला, आणि कित्येक यंत्रांत तर जाड व बारीक अशा दोन सुया एकाच डोक्याला पाठीस पाठ लावून बसविल्या. डोकें उलटविलें कीं जुनी तबकडी वाजूं लागे. तीच गोष्ट १९८२ सालच्या दिल्लीच्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या वेळची. दूरदर्शनचें प्रक्षेपण रंगीत झालें, पण ज्यांच्या घरीं काळापांढरा संच होता त्यांच्या पडद्यावर अंधार झाला नाहीं. रंगांची माहिती मूळ चित्राच्या लहरींत अशा खुबीनें मिसळलेली होती कीं, जुना संच ती न ओळखतां सोडून देई आणि आपलें करडें चित्र पूर्वीप्रमाणेंच दाखवी. शेजाऱ्याकडे रंग आणि आपल्याकडे करडा, एवढेंच काय तें दुःख.

खेळयंत्रांच्या धंद्यांत मात्र असा सौजन्याचा व्यवहार सरसकट कधींच नव्हता.

आपल्याकडे हीं यंत्रें मध्यम स्थितीच्या घरांतून शिरलीं तीं १९९० नंतरच्या दशकांत. मूळ यंत्र जपानच्या निंटेंडो कंपनीचें ‘फॅमिकॉम’. तें तिकडे १९८३ सालीं निघालें. आपल्या बाजारांत आलीं तीं बहुतेक त्याचीं प्रतिरूपें. ‘लिटल मास्टर’ हें नांव त्या पिढीस आठवत असेल. मुलें खेळाच्या पेटीस ‘कॅसेट’ म्हणत, वास्तविक तिच्यांत फीत नव्हती. होती ती एक चिप, आणि खालीं ६० पितळी दातांची रांग. या प्रतिरूपांत एक मौज होती. डबा कोणत्याही नांवाचा असो, तो एकाच मूळ यंत्राची नक्कल असल्यामुळें एका घरची कॅसेट दुसऱ्या घरच्या यंत्रांत बिनतक्रार बसे. उन्हाळ्याच्या सुटींत मामाच्या गांवीं जातांना मुलें यंत्र घरीं ठेवून नुसत्या कॅसेटी नेत, आणि तेथल्या यंत्रावर त्या चालत. ‘९९९९ खेळ’ असें छापलेल्या कॅसेटींत तेच वीस-पंचवीस खेळ पुन्हां पुन्हां निघत, ही फसवणूक खरी. पण दात जुळत नाहींत अशी तक्रार कोणाची नसे. कोणी न ठरवितां, कोणी करार न करितां, रूळ सर्वत्र एका मापाचे झाले होते. अधिकृत माल याच्या उलट. १९९५ सालीं सेगा कंपनीचें ‘मेगा ड्राइव्ह’ हें यंत्र शॉ वॉलेस कंपनीच्या मार्फत आपल्याकडे विकावयास आलें, त्याची किंमत १८,००० रुपये. त्या काळीं तेवढ्या पैशांत काय काय येत असे याचा हिशेब ज्यांनीं संसार चालविला त्यांस सांगावयास नको. आमच्या ओळखीच्या घरांत तरी तें यंत्र कोठें दिसल्याचें स्मरत नाहीं.

आतां मूळ मुद्द्याकडे वळूं. जुना खेळ नव्या यंत्रावर चालविण्याच्या युक्त्या तीन, आणि तिन्हींचे गुणदोष वेगवेगळे.

सर्वांत प्रामाणिक आणि सर्वांत महागडी युक्ति म्हणजे जुन्या यंत्राचा मेंदूच नव्याच्या पोटांत ठेवून देणें. अटारी कंपनीनें १९८६ सालच्या ‘७८००’ या यंत्रांत हें केलें. त्यावर तिच्या १९७७ सालच्या ‘२६००’ या यंत्राचे खेळ जसेच्या तसे चालत. ही सुबुद्धि तिला एका अनुभवानंतर झाली, कारण मधल्या १९८२ सालच्या ‘५२००’ या यंत्रावर जुने खेळ चालत नव्हते आणि गिऱ्हाइकांनीं त्याबद्दल बरीच नाराजी दाखविली होती. निंटेंडोच्या हातांत धरावयाच्या यंत्रांची कुळकथाही अशीच ऐकण्यासारखी आहे. १९८९ सालच्या ‘गेम बॉय’ची कॅसेट १९९८ च्या रंगीत यंत्रांत चालली, आणि २००१ च्या ‘गेम बॉय ॲडव्हान्स’ मध्येंही चालली. कारण त्या नव्या यंत्रांत स्वतःचा मोठा मेंदू असून शिवाय जुना लहान मेंदूही जपून ठेवलेला होता. कॅसेटीच्या आकारावरून यंत्र ओळखी कीं ही जुन्या घरची, आणि त्याप्रमाणें जुन्या मेंदूस जागें करी. एकाच कॅसेटीवर थोरला भाऊ आणि त्याच्याहून बारा वर्षांनीं लहान असलेला चुलतभाऊ, दोघेही आपापल्या यंत्रावर खेळले, अशीं उदाहरणें यामुळेंच घडलीं.

सोनी कंपनीनें २००० सालीं ‘प्लेस्टेशन २’ काढतांना याहून हुशारी केली. पहिल्या प्लेस्टेशनचा मेंदू तिनें नव्या यंत्रांत ठेवला, पण त्यास बसून खाऊं दिलें नाहीं. नव्या खेळाच्या वेळीं तो हातांतील कळफलक, स्मरणपट्टी वगैरेंची किरकोळ देवघेव सांभाळी. जुन्या खेळाची तबकडी घातली कीं तोच मुख्य कारभारी होई. घरांतील निवृत्त आजोबांनीं एरवीं बाजारहाट करावी आणि श्राद्धपक्षाच्या दिवशीं मात्र सगळीं सूत्रें हातीं घ्यावीं, तसें. हें यंत्र जगांत साडेपंधरा कोटींहून अधिक खपलें. त्याच्या यशाचीं इतर कारणें आहेतच. परंतु पहिल्या दिवशीं विकत घेणाऱ्यास घरांतील जुन्या तबकड्यांचा संग्रह आयता उपयोगी पडला, हें कारण लहान नाहीं.

हीच कंपनी पुढच्याच पिढींत अडखळली. २००६ च्या नोव्हेंबरांत निघालेल्या ‘प्लेस्टेशन ३’ च्या पहिल्या यंत्रांत मागल्या यंत्राच्या मुख्य चिपा घातलेल्या होत्या. बंगालच्या पलीकडे बांगलादेशांत जमुना नदीवर १९९८ सालीं जो मोठा पूल झाला, त्यावर मीटरगेज आणि ब्रॉडगेज दोन्ही गाड्या जाव्या अशी रुळांची मांडणी होती. हें तसेंच झालें. पण जादा रुळाला पैसा पडतो. अमेरिकेंत या यंत्राची किंमत ४९९ आणि ५९९ डॉलर होती, लोक कुरकुरूं लागले, आणि कंपनीनें खर्च काटतांना प्रथम हात घातला तो या जुन्या चिपांना. युरोपांत २००७ च्या मार्चमध्यें आलेल्या यंत्रांतून एक मुख्य चिप गेली, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस निघालेल्या स्वस्त यंत्रांतून उरलेलीही गेली. नांव तेंच, डबा तसाच, पण पोटांत जुन्यास जागा नाहीं! अशा वेळीं दुकानदार मुद्दाम कांहीं लपवितो असें नाहीं. त्यालाही पुष्कळदां ठाऊक नसतें.

दुसरी युक्ति म्हणजे मेंदू बदलतांना त्याच कुळांतला, पण अधिक तडफेचा घेणें. २०१३ च्या ‘प्लेस्टेशन ४’ पासून आणि त्याच वर्षींच्या ‘एक्सबॉक्स वन’ पासून या दोन्ही कंपन्यांनीं साध्या संगणकांत असतो त्या एक्स-८६ कुळांतील मेंदू पत्करला. त्यामुळें २०२० च्या नोव्हेंबरांत पुढील पिढीचीं यंत्रें आलीं तेव्हां भाषा बदलली नाहीं. ‘प्लेस्टेशन ५’ वर ‘प्लेस्टेशन ४’ चे बहुतेक सर्व खेळ चालतात याचें रहस्य इतकेंच. तरीही एक बारीक अडचण राहतेच. पुष्कळ जुन्या खेळांची सगळी मोजदाद जुन्या मेंदूच्या वेगावर बसविलेली असते. मेंदू एकाएकीं दुप्पट वेगानें चालूं लागला तर पात्रांच्या हालचालींचा ताल बिघडावयाचा. म्हणून नवें यंत्र जुन्या खेळासाठीं आपली चाल आवरून धरतें. लहान मुलाचें बोट धरून रस्त्यानें जातांना आपण जसे चालतों, तसें.

तिसरी युक्ति सोंगाची. यंत्रांत जुना मेंदू नाहीं, मेंदू त्या कुळांतलाही नाहीं. तरी एक आज्ञावली लिहून त्या नव्या मेंदूस जुन्याचें सोंग घ्यावयास लावावयाचें. संगणकवाले यास ‘एम्युलेशन’ म्हणतात. आपल्याकडे बहुरूपी म्हटलें असतें. खेळ म्हणतो, अमुक कर. ती आज्ञा जुन्या बोलींत असते. सोंगाची आज्ञावली दुभाष्याप्रमाणें ती ऐकते, नव्या बोलींत उलथा करते, मग नवा मेंदू ती पाळतो. दुभाष्यामार्फत चाललेल्या संभाषणास सरळ संभाषणाहून कितीतरी अधिक वेळ लागतो, हें सर्वांच्या अनुभवाचें आहे. म्हणून नवें यंत्र जुन्याहून नुसतें वेगवान असून भागत नाहीं. तें कित्येक पटींनीं वेगवान असावें लागतें. ‘प्लेस्टेशन ३’ चा मेंदू तर एक नव्हे, एका मुख्य मेंदूभोंवतीं बसविलेल्या अनेक लहान मेंदूंची पंगत होती. तिचें सोंग ‘प्लेस्टेशन ४’ च्या साध्या मेंदूस झेपेना, आणि एका पिढीच्या तबकड्या कपाटांत पडून राहिल्या. मायक्रोसॉफ्ट कंपनीनें मात्र या युक्तीवर चिकाटीनें काम केलें. ‘एक्सबॉक्स ३६०’ चा मेंदू निराळ्या कुळांतला असूनही, त्याचे शेंकडों खेळ ‘एक्सबॉक्स वन’ वर चालविण्याची योजना तिनें २०१५ सालीं जाहीर केली, आणि २०१७ पासून २००१ सालच्या पहिल्या एक्सबॉक्सचेही कांहीं खेळ चालूं लागले. यांत एक मेख आहे ती लक्षांत ठेवण्यासारखी: जुनी तबकडी यंत्रांत घातली तरी खेळ तिच्यावरून चालत नाहीं. तबकडी केवळ किल्लीचें काम करते. सोंगासह बांधलेला खेळ इंटरनेटवरून पुन्हां उतरवून घ्यावा लागतो. खेडेगांवांत जेथें जोडणी मंद आहे, तेथें रात्रभर यंत्र चालू ठेवण्याची तयारी हवी.

आतांपर्यंतचें वाचून कोणासही वाटेल कीं जुन्यास न सांभाळणारे कारखानदार सगळे लुच्चे. तसें नाहीं. १९९० सालच्या ‘सुपर फॅमिकॉम’चा मेंदू जुन्या फॅमिकॉमच्याच कुळांतला होता, तरीही त्यावर जुन्या कॅसेटी चालत नव्हत्या. आवाज, चित्र, सगळेंच नव्यानें बांधावयाचें असतां जुन्याचें ओझें घेतलें असतें तर यंत्र महाग झालें असतें. अमेरिकेंतील आईबापांनीं तेव्हां बरीच ओरड केली. पण मुलांनीं नवे खेळ पाहिले, आणि ओरड विरली. सगळे जुने रूळ जपावयाचे ठरविलें असतें तर जऊळक्यावरून आजही मीटरगेजचीच गाडी गेली असती, हेंही खरेंच.

आमचा खरा आक्षेप आहे तो अर्ध्या पायऱ्यांवर. पूर्वी यंत्र बदलत असे तें सहा-सात वर्षांनीं, आणि बदले तेव्हां उघड उघड बदले. मध्यंतरीं कारखानदारांनीं असा प्रघात पाडला कीं पुरी पायरी न चढतां अर्धी चढावयाची, आणि तिचेही पैसे घ्यावयाचे. याचें आद्य व करुण उदाहरण सेगाचेंच. १९९४ च्या नोव्हेंबरांत अमेरिकेंत तिनें ‘३२-एक्स’ नांवाचें एक टोपण काढलें. तें मेगा ड्राइव्हच्या डोक्यावर बसविलें कीं यंत्राचें बळ वाढे. जुन्या वाड्यावर माडी चढवावी तसें. पण त्याच महिन्यांत, जपानांत, त्याच कंपनीनें ‘सॅटर्न’ हें अगदीं नवें यंत्र विकावयास काढलें, आणि टोपणाच्या कॅसेटी सॅटर्नवर चालत नव्हत्या. सुमारें चाळीस खेळ निघाले आणि कारभार आटोपला. ज्यांनीं मुलाच्या हट्टासाठीं तें टोपण घेतलें, त्यांची माडी वाड्यासकट बसली. निंटेंडोनें १९९८ सालीं आपल्या ‘निंटेंडो ६४’ साठीं स्मरणशक्ति दुप्पट करणारी एक लहान पेटी काढली. ती बरी चालली, तरी पुढल्या वर्षीं निघालेल्या ‘डाँकी काँग ६४’ या खेळास ती पेटी नसेल तर तो सुरूच होत नसे.

२०१६ च्या ‘प्लेस्टेशन ४ प्रो’ पासून हा प्रघात थोडा सुधारला. त्या वेळीं सोनीनें खेळ करणाऱ्यांस असा नियम घातला कीं, बलवान यंत्रासाठीं चित्र कितीही सुंदर करा, पण प्रत्येक खेळ साध्या ‘प्लेस्टेशन ४’ वर चालला पाहिजे. हा नियम आम्हांस मनापासून पसंत आहे. एकत्र कुटुंबांत स्वयंपाक होतो तो असाच. आमटी तिखट हवी असणारे पांच असले तरी ती केली जाते आजीला आणि दोन वर्षांच्या नातवाला सोसेल अशी. ज्यास हवा त्यानें ठेचा वरून घ्यावा. निंटेंडोनें २०१४-१५ सालीं याच्या उलट केलें होतें. ‘न्यू ३डीएस’ हें अर्ध्या पायरीचें यंत्र, आणि ‘झेनोब्लेड क्रॉनिकल्स ३डी’ हा खेळ केवळ त्यावर चाले; जुन्या ३डीएसवाल्यानें दुकानांतील डब्याकडे बघत राहावें. नांवें एवढीं सारखीं कीं आजोबांनीं नातवासाठीं हौसेनें आणलेला खेळ त्याच्या यंत्रावर न चालण्याचा पूर्ण संभव.

आमटीच्या या व्यवस्थेंत स्वयंपाकीण बाईंचे हाल होतात हें मात्र कबूल केलें पाहिजे. २०२० सालीं मायक्रोसॉफ्टनें एकाच दिवशीं दोन भाऊ बाजारांत आणले: थोरला ‘सीरीज एक्स’ आणि स्वस्त, अशक्त धाकटा ‘सीरीज एस’. खेळ दोघांवरही चालला पाहिजे हा नियम. ‘बाल्डर्स गेट ३’ हा गाजलेला खेळ २०२३ च्या सप्टेंबरांत प्लेस्टेशनवर आला, पण एक्सबॉक्सवर यावयास डिसेंबर उजाडला. कारण एकाच पडद्याचे दोन भाग करून दोघांनीं खेळण्याची त्यांतील सोय धाकट्यास काहीं केल्या पेलेना. अखेरीस धाकट्यावर ती सोय गाळूनच खेळ दिला गेला. थोरल्याच्या मालकांनीं तीन महिने धाकट्याच्या नांवानें बोटें मोडलीं. ज्या घरांत एकाच पडद्यासमोर दोघी चुलतबहिणींनीं मिळून खेळावयाचें असतें, तेथें गळाली ती नेमकी त्यांचीच सोय, हें कोणाच्या लक्षांत आलें असेल काय कोण जाणे.

अर्धी पायरी आपल्या देशापर्यंत पोंचतेच असेंही नाहीं. ‘प्लेस्टेशन ५ प्रो’ हें यंत्र ७ नोव्हेंबर २०२४ रोजीं जगांत विक्रीस आलें, पण तेव्हां तें हिंदुस्थानांत आलें नाहीं. कंपनीनें कारण दिलें तें असें कीं, त्या यंत्रांतील बिनतारी जोडणी ६ गिगाहर्ट्‌झ या ज्या लहरींवर चालते त्या लहरी घरगुती वापरास येथें खुल्या नव्हत्या. परदेशांतील दीर-भावजयींकडून असें यंत्र मागविणाऱ्यांनीं ही गोष्ट लक्षांत घ्यावी.

मुलांशीं बोलतांना एक निराळीच भीति आमच्या कानीं आली, आणि ती आम्हांस यंत्रांच्या किंमतीहून अधिक विचार करण्यासारखी वाटते. हल्लीं पुष्कळ खेळ तबकडीवर नसतातच. कंपनीच्या इंटरनेटवरील दुकानांतून पैसे भरून ते यंत्रांत उतरवून घ्यावयाचे. जागा अडत नाहीं, तबकडीस ओरखडा पडत नाहीं, सर्व सोयीचें. पण दुकानच बंद झालें तर? निंटेंडोनें ‘३डीएस’ आणि ‘वी यू’ या यंत्रांच्या दुकानांतील विक्री २७ मार्च २०२३ रोजीं थांबविली. मायक्रोसॉफ्टनें ‘एक्सबॉक्स ३६०’ चें दुकान २९ जुलै २०२४ रोजीं मिटलें. सोनीनें २०२१ सालीं ‘प्लेस्टेशन ३’ चें दुकान बंद करण्याचें जाहीर केलें होतें. लोकांनीं गिल्ला केला तेव्हां तो बेत मागें घेतला. केवळ त्या दुकानांतच मिळणारे जे खेळ होते, ते नव्या माणसास आतां रीतसर विकतही घेतां येत नाहींत. अमेरिकेंतील व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन या संस्थेनें २०२३ सालीं पाहणी करून दाखविलें कीं, तेथें २०१० पूर्वीं निघालेल्या खेळांपैकीं ८७ टक्के खेळ आज बाजारांत उपलब्ध नाहींत. जीर्ण पोथ्यांचीं पानें वाचविण्यासाठीं आपल्या संशोधकांनीं जन्म वेंचले. खेळांची पोथी अवघी चाळीस-पन्नास वर्षांची, आणि तिचीं इतकीं पानें आतांच हातांतून निसटलीं आहेत. हे काय मुलांचे खेळ, म्हणून नाक मुरडणाऱ्या मंडळींस आम्ही एवढेंच विचारतों कीं, आपल्या लहानपणच्या सारीपाटाच्या सोंगट्या आपण अजून कां ठेविल्या आहेत?

तेव्हां दुकानांत पाऊल टाकण्यापूर्वीं काय पाहावें? पहिलें म्हणजे यंत्रास तबकडी घालावयाची खांच आहे किंवा नाहीं. ‘प्लेस्टेशन ५’ चा तबकडीविना प्रकार २०२१ सालीं ३९,९९० रुपयांस होता, म्हणजे दहा हजारांनीं स्वस्त. आंतली शक्ति तीच, म्हणून व्यवहारी गृहस्थ हटकून तोच उचलतो. आणि घरीं आल्यावर कळतें कीं ‘प्लेस्टेशन ४’ च्या ज्या दहा-बारा तबकड्या होत्या त्या घालावयास यंत्रांत जागाच नाहीं. खेळ चालविण्याची विद्या आहे, पण तोंड नाहीं! दहा हजार वांचले आणि चाळीस हजारांचे खेळ बुडाले. २०२३ सालानंतरच्या यंत्रांस तबकडीचा भाग मागाहून जोडतां येतो, पण त्याचे पैसे निराळे. दुसरें, ‘जुने खेळ चालतात’ या वाक्यांतील ‘बहुतेक’ हा शब्द वाचावा. ५ जून २०२५ रोजीं निघालेल्या ‘निंटेंडो स्विच २’ वर २०१७ च्या स्विचचे बहुतेक खेळ चालतात. आपल्या मुलांचा आवडता खेळ त्या ‘बहुतेकां’त आहे का, हें कंपनीच्या यादींत पाहावें. शिवाय जुना खेळ नव्या यंत्रावर अधिक चांगला दिसावा यासाठीं कांहीं खेळांचे वेगळे पैसे पडतात, तेही विचारून घ्यावें. तिसरें, खेळांत मुलांनीं जेथपर्यंत मजल मारली आहे ती नोंद नव्या यंत्रांत नेतां येईल का? हें वडिलांस क्षुल्लक वाटतें. पण ज्या मुलीनें दोन उन्हाळे खपून एक सबंध गांव वसविलें, तिच्यासाठीं तें गांव जुन्या यंत्रासह भंगारांत जाणें ही लहानशी गोष्ट नव्हे. जुनें यंत्र विकण्याची घाई करूं नये; नोंदी हालविल्याची खात्री मुलांनीं स्वतः करावी, मगच तें द्यावें.

आणि ज्यांच्या माळ्यावर जुन्या कॅसेटी आहेत त्यांच्यासाठीं दोन शब्द. कॅसेट चालेनाशी झाली कीं तिच्यांत फुंकर मारण्याची संवय सर्व जगांतील मुलांस होती. निंटेंडोनें स्वतः तसें न करण्याबद्दल बजावलें होतें, कारण तोंडांतील दमटपणानें दात गंजतात. कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन दात हलकेच पुसावे, आणि पुरें वाळल्यावरच कॅसेट घालावी. कांहीं कॅसेटींत नोंदी जपण्यासाठीं बटणाएवढा सेल डाग देऊन बसविलेला असतो. तो पंधरा-वीस वर्षांनीं संपतो, व बदलतांना आंतली नोंद जाते. दुरुस्तीच्या दुकानांत देण्यापूर्वीं मुलांस, म्हणजे आतां चाळिशीस आलेल्या मुलांस, तसें सांगून ठेवावें. जपानांतून आणलेलें जुनें यंत्र तेथील १०० व्होल्टचें असतें, तें सरळ आपल्या २३० व्होल्टच्या भिंतींत खोंचूं नये. नव्या दूरचित्रवाणी-संचास पिवळ्या-पांढऱ्या-तांबड्या तारांचीं भोंकें बहुधा नसतात. त्या तारांचें चित्र एचडीएमआय तारेंत घालून देणारी लहान पेटी विजेच्या सामानाच्या दुकानांत मिळते.